कृश शरीरांतील मेद

श्रावण सरून खाचरांतील भात पोटरीवर आलें, म्हणजे आमच्या शाळेंत वजनाचा कांटा बाहेर निघतो. डॉक्टर येतात, मुलें रांगेनें उभीं राहतात, उंचीची पट्टी भिंतीस टेकविली जाते, आणि त्या दिवसापुरती तरी सर्वांची दृष्टि एकमेकांच्या शरीरयष्टीकडे जाते. एखादा गुबगुबीत विद्यार्थी कांट्यावर चढला कीं मागून हंशा पिकतो. एखादा काटकुळा चढला कीं कांटा हललाच नाहीं म्हणून दुसरा हंशा पिकतो. मागें एका खेपेस एका विद्यार्थ्याचे वडील कांहीं कामानिमित्त शाळेंत आले होते. तो देखावा पाहून ते म्हणाले, “गुरुजी, आमच्या घराण्यांत लठ्ठ माणूस औषधालासुद्धां सांपडायचा नाहीं. मधुमेह, हृदयविकार हे श्रीमंतांचे रोग. आमच्या घरीं त्यांचें काय काम?” आम्हीं त्या वेळीं हंसून वेळ मारून नेली. मागाहून आम्हांस समजलें कीं त्याच गृहस्थांचे सख्खे चुलते पन्नाशीच्या आंतच, शेताच्या बांधावर, छातींत कळ येऊन गेले होते. आणि तेहि अंगानें सडपातळच होते. तेव्हांपासून तें आमचें हंसणें आम्हांस बोचत आहे. त्या गृहस्थांस जें उत्तर त्या दिवशीं द्यावयास हवें होतें, तें येथें देत आहों.

प्रथम एक छायाचित्र डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. सन २००४ च्या आरंभीं ‘लॅन्सेट’ ह्या सुप्रसिद्ध इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकानें दोन डॉक्टरांचें चित्र छापलें. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि दुसरे आपल्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघेहि दिसण्यांत सडपातळ, आणि दोघांचा देहभारांकहि तंतोतंत एकच, २२.३. देहभारांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारी संख्या. दीड मीटर उंचीच्या प्रौढ माणसाचें वजन ५० किलोग्रॅम असेल, तर ती सुमारें २२ येते. (वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या आईवडिलांचा देहभारांक अवश्य काढून पाहावा; स्वतःचा काढल्यास मात्र प्रौढांच्या मर्यादा वाढत्या वयास लावूं नयेत.) आतां, जेव्हां ह्या दोघांच्या शरीरांतील चरबी यंत्रानें मोजण्यांत आली, तेव्हां युडकिन ह्यांच्या शरीरांत ती ९.१ टक्के भरली, आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरांत २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहूनहि अधिक! कांट्यानें दोघांस सारखें ठरविलें होतें. आंत पाहतां दोन निराळींच शरीरें निघालीं. दोघांच्या आडनांवांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ह्या कोड्यास ‘वाय-वाय विरोधाभास’ असें गमतीचें नांव मिळालें. एका पुणेकर वैद्यानें आपलें स्वतःचेंच शरीर जगापुढें उदाहरण म्हणून उभें केलें, ही गोष्ट आम्हांस त्या आंकड्यांइतकीच मोलाची वाटते.

चरबी म्हणजे सर्वस्वी वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. ती शरीराची कणगी होय. सुगीच्या दिवसांत भरावी आणि अडचणीच्या दिवसांत उपसावी, ह्यासाठींच निसर्गानें ती दिली आहे. मांड्या, नितंब, त्वचेखालचा थर, ह्या ठिकाणची चरबी बहुधा निरुपद्रवी असते. परंतु घरांतील कणगी लहान आणि धान्य मात्र रोज येत आहे, असें झाल्यास काय होईल? पोतीं पडवींत रचलीं जातील, मग माजघरांत, मग चुलीपाशीं, आणि अखेर घरांत चालावयासहि वाट उरणार नाहीं. शरीराचें तसेंच होतें. त्वचेखालची जागा भरली कीं मेद पोटाच्या आंत, आंतड्यांभोवतीं, यकृतांत आणि स्नायूंतहि सांचूं लागतो. तेथें तो स्वस्थ बसत नाहीं. आपण जेवलों म्हणजे अन्नांतील साखर रक्तांत उतरते आणि इन्सुलिन नांवाचा स्राव तिला पेशींच्या दारापाशीं नेऊन ‘दार उघडा’ म्हणतो. ह्या साखरेचा मोठा वांटा स्नायू घेतात. स्नायूच थोडे असतील, आणि त्यांत व यकृतांत मेद शिरला असेल, तर दारें नीट उघडत नाहींत. मग स्वादुपिंडास अधिकाधिक इन्सुलिन सोडावें लागतें; कित्येक वर्षें तें बिचारें सोडीत राहतें, आणि एके दिवशीं थकतें. ह्यालाच मधुमेह म्हणावयाचें.

हृदयाची कथा ह्याच घरांतून निघते. मेदानें भरलेलें यकृत रक्तांत वाजवीपेक्षां जास्त स्निग्ध कण सोडूं लागतें. त्यांतील कांहीं कण रोहिण्यांच्या अस्तरांतून आंत शिरतात व भिंतींत अडकून बसतात. शरीराचे संरक्षक कण त्यांना गिळावयास धांवतात आणि स्वतःच फुगून तेथेंच मरून पडतात. वर्षांमागून वर्षें हा गाळ सांचत जातो. बाहेरून मनुष्य धडधाकट दिसतो. मग एखाद्या क्षणीं त्या गाळावरची साय फाटते, तेथें रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूस रक्त नेणारी वाट बंद पडते. बांधावर छातींत येणारी कळ बहुधा अशीच येते. ती एका क्षणांत येते, पण तिची तयारी वीस-तीस वर्षें चाललेली असते. दक्षिण आशियांतील लोकांस पहिला झटका येण्याचें मध्यम वय सुमारें ५३ असून इतर देशांत तें सुमारें ५९ आहे, असें २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणींत दिसून आलें. घरांतील मुलांमुलींचीं लग्नें व्हावयाचीं, कर्ज फिटावयाचें, त्या वयांतील हीं सहा वर्षें होत.

आतां कोणीहि विचारील, कीं हें सर्व आपल्या रक्तांतच, म्हणजे घराण्यांतच आहे काय? ह्या प्रश्नास ‘होय’ आणि ‘नाहीं’ अशीं दोन्ही उत्तरें द्यावीं लागतात.

प्रथम ‘होय’ चें पाहूं. आपल्या प्रत्येक पेशींत आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा सूचनांच्या दोन प्रती असतात. ह्या सूचनांच्या एकेका वाक्यास जनुक म्हणतात, आणि मनुष्याच्या ठायीं अशीं सुमारें वीस हजार जनुकें आहेत. डेन्मार्क देशांत दत्तक गेलेल्या मुलांची पाहणी १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, हीं मुलें मोठेपणीं ज्यांच्या घरीं वाढलीं त्यांच्यासारखीं नव्हे, तर ज्यांच्या पोटीं जन्मलीं त्यांच्यासारखीं जाड किंवा बारीक झालीं. पुढें २००७ सालीं ‘एफटीओ’ नांवाचें जनुक हातीं लागलें. ज्यांच्याकडे त्याच्या विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती असतात, त्यांचें वजन, एकहि नसणाऱ्यांपेक्षां, युरोपांतील मोजणीप्रमाणें सरासरीनें तीन किलोग्रॅम अधिक भरतें. हें जनुक चरबी निर्माण करीत नाहीं; त्याचा रोख बहुतांशीं भुकेवर असतो. ताटावरून उठण्याची वेळ झाली हें अशा माणसास जरा उशिरां कळतें, इतकेंच. तेव्हां, गुबगुबीत सोबत्यास हंसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, त्याची भूक त्यानें बाजारांतून विकत आणलेली नाहीं.

कांहीं जनुकें ह्याहून कठोर असतात. रक्तांतील कोलेस्टेरॉल यकृताकडे परत ओढून घेणारा एक दरवाजा असतो. तो घडविणाऱ्या जनुकांत दोष असल्यास मनुष्य कितीहि बेतानें जेवला तरी लहानपणापासूनच त्याच्या रक्तांत कोलेस्टेरॉल फार राहतें. हा दरवाजा शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोघां अमेरिकन वैद्यांस १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सुदैवानें ह्यावर आतां चांगलीं औषधें आहेत. परंतु तपासल्यावांचून दोष कळत नाहीं. ज्या घरांत चाळिशी-पन्नाशीच्या आंत कोणी हृदयविकारानें गेलें असेल, त्या घरांतील माणसांनीं, मुलांनींसुद्धां, एकदां रक्त तपासून घ्यावें, तें ह्यासाठीं. आणखी एक दोष तर विशेषेंकरून आपल्याच देशांतला आहे. हृदयाच्या स्नायूंतील एक प्रथिन बनविणाऱ्या जनुकाचा पंचवीस अक्षरांचा तुकडाच कांहीं लोकांत गळालेला असतो. २००९ सालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, असे लोक भारतांत शंभरांत सुमारें चार आहेत, आणि उतार वयाकडे झुकतांना त्यांचें हृदय दुबळें होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.

आणि आतां ‘नाहीं’. आपल्या आजोबांचीं जनुकें आणि आपलीं जनुकें ह्यांत कांहींच अंतर पडलेलें नाहीं. दोन पिढ्या म्हणजे त्या दृष्टीनें डोळ्याची पापणी लवण्याइतकाच काळ. परंतु आजोबांच्या काळीं गांवांत मधुमेहाचा रोगी शोधावा लागे, आणि आज गल्लींत दोन-चार सहज निघतात. जें बदललें नाहीं तें ह्या बदलाचें कारण कसें असूं शकेल? बी तेंच आहे. जमीन आणि पाणी बदललें. एफटीओ जनुकाचीच गोष्ट घ्या. जे लोक अंगमेहनत करतात त्यांच्यांत त्या जनुकाचा लठ्ठपणावरील प्रभाव सुमारें पाव हिश्शानें कमी होतो, असें दोन लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवरून २०११ सालीं ठरलें. जनुकाचा हुकूम आहे, पण तो ऐकावयाचा किती, हें पुष्कळसें पायांवर अवलंबून आहे.

येथवरचें विवेचन कोणत्याहि देशास लागू पडेल. परंतु आपल्याकडील मनुष्य बाहेरून बारीक व आंतून मेदयुक्त कां, ह्याचें उत्तर शोधावयास पुणें जिल्ह्यांतच जावें लागतें, आणि तेंहि रुग्णालयांत नव्हे, तर बाळंतिणीच्या खोलींत.

सन १९९३ मध्यें डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं, इंग्लंडांतील साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल ह्यांच्या साहाय्यानें, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम हातीं घेतलें. नवीं लग्नें झालेल्या व मूल होण्याच्या वयांतील स्त्रियांची नोंद करावयाची, त्यांस दिवस राहिले कीं त्या काय खातात, किती राबतात, त्यांच्या रक्तांत काय आहे, हें पाहावयाचें, आणि बाळ जन्मलें कीं तें मोजावयाचें. नुसतें वजन नव्हे; डोकें, दंड, पोट, आणि पाठीवरच्या कातडीची चिमटींत धरलेली जाडीसुद्धां. त्या माता कशा होत्या? सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, आणि वजन अवघें ४२ किलोग्रॅमच्या आसपास. त्यांचीं बाळें सरासरी २.७ किलोग्रॅमचीं भरलीं; साउदम्प्टनचीं बाळें ३.५ किलोग्रॅमचीं. इतपत कोणासहि आश्चर्य वाटलें नसतें. आश्चर्य पुढें आहे. आपलीं बाळें सर्वच अंगांनीं सारखीं लहान नव्हतीं. त्यांचे स्नायू थोडे होते, यकृतादि इंद्रियें सामावणारें पोट लहान होतें. परंतु पाठीवरची चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच राहिली होती! म्हणजे जो विरोधाभास पुढें दोन प्रौढ डॉक्टरांच्या चित्रांत दिसला, तो अडीच किलोच्या तान्ह्यांत आधींच तयार होता. ‘कृश पण मेदयुक्त बालक’ असेंच त्याचें वर्णन करण्यांत आलें.

असें कां व्हावें? गर्भास अन्न कमी पडलें म्हणजे तो काटकसरी गृहिणीप्रमाणें वागतो. मेंदूचा वांटा प्रथम बाजूस काढतो. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड ह्यांच्या वांट्यास कात्री लावतो. आणि बाहेरच्या जगांतहि असाच दुष्काळ असणार असें गृहीत धरून थोडी चरबी गांठीस बांधतो. त्याचा हा हिशेब चुकीचा नाहीं. बाहेर खरोखरच दुष्काळ असता, तर हें बाळ तगलें असतें. पण तें जन्मतें आणि पुढें पंचवीस वर्षांनीं त्याच्या पुढ्यांत साखर, तेल व खुर्ची येते. लहान स्वादुपिंड, थोडे स्नायू आणि भरलेलें ताट, ही ती फसगत होय. १९९२ साली हेल्स व बार्कर ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं मांडलेल्या सिद्धांताचें हें सार आहे. त्यांतील डेव्हिड बार्कर ह्यांस ही कल्पना जुन्या चोपड्यांवरून सुचली. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ पासून सुइणी घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचें जन्माच्या वेळचें व वर्षाचें होतांनाचें वजन शाईनें लिहून ठेवीत. बार्कर ह्यांनीं त्या चोपड्या मिळवून तीं मुलें पुढें कशानें वारलीं हें शोधलें. वर्षाचें असतांना ज्यांचें वजन सर्वांत कमी, त्या पुरुषांत हृदयविकारानें मरणाचें प्रमाण सर्वांत अधिक निघालें. एखाद्या सुइणीनें पावसांत भिजत जाऊन लिहिलेला आंकडा सत्तर वर्षांनीं असा उपयोगी पडतो. आमच्या अंगणवाड्यांच्या नोंदवह्यांकडेहि ह्याच आदरानें पाहिलें पाहिजे.

येथें जनुक व अन्न ह्यांची गांठ पडते. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें हॉलंडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला आणि लोकांस दिवसाला हजार उष्मांकांहूनहि कमी शिधा मिळूं लागला. त्या उपासमारींत ज्या मातांस दिवस गेले, त्यांचीं मुलें साठीची झालीं तेव्हां, २००८ सालीं, त्यांच्या जनुकांची तपासणी झाली. वाढीशीं संबंध असलेल्या एका जनुकावरील रासायनिक खुणा, त्यांच्याच सख्ख्या भावंडांच्या मानानें, कमी आढळल्या. पोथींतील अक्षरें तींच होतीं. समासांतील खुणा बदलल्या होत्या. कोणती ओवी मोठ्यानें वाचावयाची व कोणती मनांत, हें त्या खुणा ठरवितात. तात्पर्य, अन्न जनुकांस बदलीत नसलें तरी त्यांचें वाचन बदलूं शकतें, आणि तें मूल जन्मण्यापूर्वींच.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतील आणखी तीन गोष्टी पालकांस मुद्दाम सांगावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, मातांनीं एकंदर किती उष्मांक खाल्ले ह्याचा बाळाच्या आकाराशीं फारसा संबंध दिसला नाहीं. ज्या मातांच्या आहारांत दूध, हिरव्या पालेभाज्या व फळें वारंवार होतीं, त्यांचीं बाळें मोठीं निपजलीं. नुसता भात आणि भाकरी वाढवून भागत नाहीं, असा ह्याचा अर्थ. दुसरी गोष्ट, ज्या गरोदर बायकांस पाणी वाहणें, शेतांत राबणें अशीं जड कामें अधिक पडलीं, त्यांचीं बाळें लहान राहिलीं. हंडा कोणी आणावयाचा, हा प्रश्न घरांतील पुरुषमंडळी आरोग्याचा समजत नाहींत; तो आहे.

तिसरी गोष्ट बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची. त्या मातांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत हें जीवनसत्त्व कमी होतें. तें वनस्पतींत तयार होत नाहीं. सूक्ष्म जंतू तें तयार करतात, आणि आपणांस तें दूध, दही, अंडीं, मासे, मांस ह्यांतूनच मिळतें. आतां हें वाचून कोणास वाटेल कीं हा गरिबीचा दोष आहे. परंतु ह्याच वैद्यांनीं पुण्याच्या परिसरांतील ४४१ पुरुषांची पाहणी केली, तेव्हां खेड्यांतील शेतकऱ्यांपेक्षां व झोपडपट्टींतील रहिवाशांपेक्षां शहरांतील मध्यमवर्गीयांतच ही उणीव अधिक, म्हणजे शंभरांत ८१ जणांत निघाली. बी-१२ कमी असल्यास रक्तांत होमोसिस्टीन नांवाचा पदार्थ वाढतो. आणि त्या खेड्यांतील मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां असें दिसलें कीं, ज्या मातांच्या रक्तांत फोलिक आम्ल भरपूर पण बी-१२ थोडें होतें, त्यांच्या मुलांत इन्सुलिनचा अंमल सर्वांत कमी चालत होता. ह्यावरून लोहाच्या व फोलिक आम्लाच्या गोळ्या टाकून द्याव्या, असें कोणीहि समजूं नये. त्या गर्भाच्या मज्जारज्जूसाठीं व मातेच्या रक्तासाठीं अवश्य आहेत. जोडीचा दुसरा बैल अशक्त आहे, त्यास खाऊं घाला, एवढेंच ह्यांतून निघतें.

आतां आमच्या मुळशीकडे वळूं. तालुका एकच, पण त्याचीं दोन टोकें दोन युगांत आहेत. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूस डोंगरउतारावर कातकऱ्यांच्या व धनगरांच्या वस्त्या. पूर्वेस हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्यांचे कांचेचे मनोरे. आणि मध्यें पिरंगुटचे कारखाने. ज्या खोऱ्यांतील भातखाचरें वांचविण्यासाठीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, त्यांतील पुष्कळ खाचरें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं. उरलेल्या खाचरांत भात, उतारावर नाचणी व वरई, परसांत दोडका-भोपळा, पावसाळ्यांत टाकळा, कुर्डू, भारंगी ह्या रानभाज्या, ओढ्यांतील खेकडे व मळ्याची मासळी, आणि वर्षभर सुकट-बोंबील, असें येथलें जुनें अन्न. गमतीची गोष्ट ही कीं, ज्या बी-१२ ची उणीव पेठांतील सुखवस्तु घरांत निघते, तें ह्या गरिबाच्या खेकड्यांत व सुकटींत पुष्कळ असतें. नाचणींत तांदळाच्या कितीतरी पट चुना असतो, व तिचा कोंडा सहसा काढला जात नाहीं. तथापि जुनें तें सर्व सोनें, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. आमच्या आज्यांस विचारा. भादव्यांत घरांतील धान्य संपलें कीं आंबिलीवर दिवस काढल्याच्या हकीकती त्या सांगतील. त्या उपाशी दिवसांतूनच कृश मातांची परंपरा चालत आली आहे.

आतां भूक बहुतेक घरांतून गेली, ही आनंदाची गोष्ट झाली. परंतु तिच्या मागोमाग जें आलें तें पाहावें. सकाळीं साखरेच्या चहांत बुडवून बिस्किटें, शाळेच्या वाटेवर वडा-पाव, दुपारीं पांढरा शुभ्र सडलेला तांदूळ, संध्याकाळीं पुड्यांतले तळलेले पदार्थ. पूर्वीं बेकरीच्या मालांतील वनस्पति तुपांत जी विशेष घातक चरबी असे, तिच्यावर सरकारनें जानेवारी २०२२ पासून शेंकडा दोनची मर्यादा घातली आहे. पण खारट, गोड आणि तळकट ह्यांवर मर्यादा आपणांसच घालावयाची आहे. आणि पाय? ज्या वाटा आमचे वडील चालत तुडवीत, त्या आतां मोटारसायकलीवरून जातात. मुलगा हिंजवडीस नोकरीस लागला म्हणून घरांत पेढे वांटले जातात, आणि ते वांटलेच पाहिजेत. परंतु नऊ तास खुर्चीवर बसणारें तें शरीर चिखलणी करणाऱ्या आजीच्या पोटांतून आलेल्या आईनें वाढविलें आहे, हें त्यानें विसरूं नये. त्याचा कमरेचा पट्टा कांट्यापेक्षां अधिक खरें बोलेल. आपल्याकडील पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढें गेली, तर वजन कितीहि बेताचें असो, रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

एक चूक आम्हीं मायेपोटीं करतों, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मूल जन्मतः बारीक असलें कीं त्याला पुढें ‘भरून काढण्यासाठीं’ तूप-साखर चारण्याची घाई होते. दिल्लींत १९६९ ते १९७२ च्या दरम्यान जन्मलेल्या मुलांचीं वजनें वेळोवेळीं नोंदून ठेवलीं होतीं. तीं मुलें तिशीच्या आसपास आलीं तेव्हां तपासलीं. ज्यांस मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, तीं लहानपणीं लठ्ठ नव्हतीं. दुसऱ्या वर्षीं तीं बारीक होतीं, आणि मग दरवर्षीं इतरांच्या मानानें थोडीं थोडीं जाड होत गेलीं होतीं, जरी त्यांतील फारच थोड्यांस कोणीं लठ्ठ म्हटलें असतें. बारीक मुलास पहिल्या दोन वर्षांत आईचें दूध व सकस अन्न पुरेपूर द्यावें. नंतर त्याच्या उंचीकडे व खेळाकडे पाहावें, गालांकडे नव्हे.

आणि मुलींविषयीं. पुष्कळ घरांत अजूनहि मुलगी मागाहून जेवते. दुधाचा पेला भावापुढें, भांड्याच्या कडेची खरवड तिच्यापुढें. वर जें सर्व लिहिलें त्यावरून दिसून येईल कीं, आमच्या आठवीच्या वर्गांत बसलेल्या मुलीच्या आजच्या ताटावर, आणखी दहा-बारा वर्षांनीं जन्मणाऱ्या आणि त्यानंतर पन्नास वर्षांनीं शेताच्या बांधावर किंवा कचेरीच्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणा एकाचें हृदय अवलंबून आहे. ज्या गृहस्थांस आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, त्यांसहि एक मुलगी आहे, ती आमच्याच शाळेंत आहे.

त्या सहा खेड्यांतील काम १९९३ पासून आजतागायत चालू राहिलें आहे. ज्यांच्या पाठीची चरबी तेव्हां चिमटींत मोजली होती, तीं बाळें मोठीं झालीं. २०१२ पासून त्यांतीलच कुमार-कुमारींस बी-१२ व इतर पोषक द्रव्यें लहान मात्रेंत देऊन, त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हें पाहण्यास आरंभ झाला. त्या मुलींचीं लग्नें झालीं, त्या स्वतः माता झाल्या, आणि त्यांचीं बाळें जन्मलीं तेव्हां पुन्हां तोच कांटा व तीच पट्टी बाहेर निघाली.